साबणाला चिकटलेला तळ

९ जानेवारी

वन्सं,

त्या सकाळी मी पाण्याचं पिंप आडवं करून आत अर्धी शिरले होते आणि काथ्याने त्याचा तळ घासत होते, तेव्हा हे समुद्रावरून आले. दूध उतू गेलेलं पुसायचं राहिलं होतं, चादरी बादलीत भिजत पडल्या होत्या. ह्यांनी बूट दाराबाहेर काढले, आत येऊन धुतलेल्या कपबशांच्या शेजारी ओट्यावर ते शिसं ठेवलं आणि बाहेर पेपर वाचायला बसले. मी पिंपातून निघाले तर ओट्यावर हा ओला ठोकळा, बुडाशी साबणाला काहीबाही चिकटलेलं. मी तिथूनच म्हटलं, नोकरी संपली तरी ह्याला ओट्यावरच जागा लागते का. काथ्या हातात होताच, घासून लख्ख केलं. हे आत आले. शिशाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हसले. "धुतलंस? बरं केलंस," म्हणाले आणि चहा मागितला.

हे आजारी पडायच्या जेमतेम महिनाभर आधीची गोष्ट. काल माळा आवरताना तेच शिसं हाती लागलं म्हणून आठवली. आता ह्यांना जाऊन चौदा महिने होतील. शिसं अजून तसंच जड आहे, मला एका हाताने उचलत नाही.

तुम्ही नकाशांत वाढलेल्या, तुम्हाला सांगायला नको. पण आमच्या शेजारणीला काल सांगावं लागलं, ह्या वस्तूचा उपयोग काय म्हणून. तिला वाटलं व्यायामाचं आहे. मी सांगितलं, दोराला बांधून पाण्यात सोडायचं, दोर सैल पडला की तळ लागला, मग दोर किती वाव, म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढी किती मापं, भिजला ते मोजायचं. आणि बुडाला जो खळगा आहे त्यात साबण भरायचा. तळाला वाळू असली तर वाळू चिकटून येते, चिखल असला तर चिखल, आणि काहीच चिकटलं नाही तर खाली खडक. हे त्याला शिशाला साबण चारणं म्हणायचे. माझी कपड्यांच्या साबणाची वडी नेहमी कोपऱ्यात कापलेली असायची. पुढे यंत्र आलं, ते काचेवर खोली दाखवतं. हे म्हणायचे, यंत्र हुशार आहे, पण ते तळाला हात लावत नाही.

आता मुद्द्याचं लिहिते. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला सुचत नाही, म्हणून आपलं पत्रच बरं.

बंदरावर नवा धक्का बांधलाय, त्याच्या तोंडाशी नगरपालिका एक मोठा दगड उभा करणार आहे. त्यावर आपल्या शहराच्या नावाचा अर्थ कोरणार. शाळेत शिकवायचे ती, गावाला राणीचं नाव दिल्याची गोष्ट आता काढून टाकली आहे. ह्यांनी सांगितलेला अर्थ कोरायचा ठरलाय: जुन्या खलाशांच्या बोलीत हे नाव म्हणजे काळा चिखल, नांगर घट्ट धरून ठेवणारा. खाली बारीक अक्षरांत, हा अर्थ शोधणारे म्हणून ह्यांचं नाव, आणि त्याच्यापुढे 'बंदरात पाण्याची खोली मोजणारे'. नगरपालिकेच्या चिटणीसांनी तो मजकूर कागदावर दाखवला, मी बोट ठेवून तीन वेळा वाचलं. चिटणीसांना वाटलं असेल बाईला वाचता येत नाही.

त्यांना फक्त एक हवंय. ज्या जुन्या नकाशावरून ह्यांनी हे काढलं, तो तुमच्या संग्रहालयात आहे. त्याची शिक्का मारलेली प्रत पाठवा. मार्चच्या मध्याला पाथरवट कामाला बसेल.

तब्येत सांभाळा. गुडघ्याला ते तेल लावता का?

तुमची वहिनी


२१ जानेवारी

वहिनी,

पत्र मिळालं. गुडघा मला विचारल्याशिवाय वाकत नाही, तेवढं सोडलं तर ठीक आहे.

नकाशा इथेच आहे. तो फाटला होता तेव्हा मागून पातळ कागद मीच लावला होता, खळ सुकेपर्यंत दोन दिवस त्याच्यावर पाट ठेवून बसले होते. तुम्ही म्हणता ते खरं आहे: आपल्या शहराचं नाव बंदराच्या तोंडाशी लिहिलंय आणि त्याला लागूनच काळ्या चिखलाची खूण आहे. प्रत काढायला वरून परवानगी लागते, वेळ जाईल.

दगडाची एवढी घाई कशाला? इतकी वर्षं त्या नावाला दगड नव्हता, तरी लोकांना घरी जायचा रस्ता सापडतच होता.

एक विचारू का? त्या सकाळी साबणाला जे चिकटलं होतं त्याचा रंग आठवतो का? काही विशेष नाही. दिवसभर जुने कागद बघते, त्यामुळे असल्या गोष्टी विचारायची खोड लागली आहे.

तुमची धाकटी नणंद


२९ जानेवारी

वन्सं,

रंग आठवतो. पांढरा होता. अंड्याचं टरफल वाटून घातल्यासारखा, मधे एखादा गुलाबी कण. घासताना करकरत होता, ओट्यावर एक ओरखडा पडला तो अजून आहे. तुम्ही विचारलंत म्हणून काल त्याच्यावरून बोट फिरवलं. तुमच्या खोडीचं मला कौतुक आहे, पण मला प्रत हवी आहे.

घाई का म्हणून विचारता. तुम्ही इथे नव्हता, म्हणून सांगते.

वीस वर्षांपूर्वी ह्यांनी तो लेख लिहिला आणि इथल्या साप्ताहिकाने छापला, तेव्हा हे शहरभर चिखलमास्तर झाले. भाजीवालीसुद्धा म्हणायची, चिखलमास्तरांच्या घरी द्या ही पिशवी. हेडमास्तरांनी तर शाळेच्या संमेलनात सांगितलं की काही लोकांना राणीच्या गावात राहायची लाज वाटते, त्यांना चिखलात राहायचंय. सगळी शाळा हसली. हेही हसले. घरी येऊन म्हणाले, बोलतो छान हं हा माणूस. मला झोप आली नाही.

मी चौथीपर्यंत शिकलेली. लग्नानंतर वाचनालयात जाऊन पहिल्या कपाटापासून सुरुवात केली, काय वाचायचं ते कळत नव्हतं म्हणून ओळीने वाचत गेले. पण नीट लिहायला शिकले ते ह्यांच्या लेखावर. साप्ताहिकाला एक प्रत, नगरपालिकेला एक, बंदर खात्याला एक, अशा अकरा प्रती मी हाताने लिहिल्या. त्यातली एक हेडमास्तरांच्या घरी स्वतः नेऊन दिली आणि म्हटलं, आधी वाचा, मग हसा. ह्यांना ते कळलं तेव्हा दोन दिवस मला 'वकीलसाहेब' म्हणत होते.

आणि तो अर्थ मला आवडायचा, वन्सं. राणी काय, येते आणि जाते. पण वादळात जहाज धरून ठेवणारा चिखल, आणि त्याच्यावरून गावाचं नाव. ज्या माणसाने तीस वर्षं त्या चिखलात हात घातला त्यालाच ते दिसलं, शिकलेल्यांना दिसलं नाही.

तेच हेडमास्तर आता दगडाच्या समितीचे अध्यक्ष आहेत. मागच्या महिन्यात रस्त्यात भेटले आणि म्हणाले, बाई, तुमच्या चिखलाने आम्हाला हरवलं. ह्यांनी हे ऐकायला हवं होतं. ते नाहीत, तर निदान दगडावर असू देत.

प्रत पाठवा.

तुमची वहिनी


२२ फेब्रुवारी

वन्सं,

तीन आठवडे झाले. चिटणीस दर सोमवारी निरोप पाठवतात आणि मी दर सोमवारी सांगते, पोस्टात असेल. काल त्यांचा शिपाई मला म्हणाला, आजी, पोस्ट एवढं हळू नसतं.

माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, पोटात ठेवता येत नाही. तुम्हाला तुमच्या भावाचं नाव दगडावर नको आहे का? तुमच्या त्या इमारतीत मोठमोठ्या पदव्यांची माणसं बसतात. एका खोली मोजणाऱ्याने नकाशा वाचला हे त्यांना खपत नाही, असं आहे का? की तुम्हालाच खपत नाही? दादा दादा करत होतात तेव्हा तसं वाटलं नव्हतं.

वाईट वाटलं तर वाटू द्या, पण उत्तर द्या.

वहिनी


१ मार्च

वहिनी,

तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं. आता मला गप्प बसता येणार नाही. परवानगी पहिल्या आठवड्यातच मिळाली होती. प्रत माझ्या खणात पडून आहे.

दादा जायच्या आधीच्या उन्हाळ्यात तो चार दिवस डोळे दाखवायला म्हणून माझ्याकडे आला होता, आठवतं? चष्मा त्याने केला, म्हणजे थाप अर्धीच होती. खरं तर मीच त्याला बोलावलं होतं. माझ्या टेबलावर दुरुस्तीला एका जहाजाची रोजनिशी आली होती. पाण्याने पानं चिकटून वडी झाली होती, ती मी एकेक करून सोडवत होते. त्या चिखलाच्या नकाशाहून ही वही साठ वर्षांनी जुनी. तेव्हा आपल्या किनाऱ्यावर बंदर नव्हतं, गाव नव्हतं, काहीच नव्हतं. आणि एका पानावर आपल्या शहराचं नाव होतं.

दादाने भिंग घेऊन ते पान सबंध दुपार वाचलं. तुम्हाला जसं आहे तसं सांगते. ते जहाज वाट चुकलं होतं. सात दिवस दोर सोडत होते आणि तळ लागत नव्हता. आठव्या दिवशी सकाळी शिसं टाकणाऱ्याने हाक दिली. वहीत त्या दिवसासमोर लिहिलंय, खोली चाळीस वाव, तळ पांढरा, शिंपल्यांचा चुरा. शेवटच्या रकान्यात जागेचं नाव लिहायचं असतं. जागेला नाव नव्हतं. म्हणून लिहिणाऱ्याने त्या माणसाची हाकच तिथे लिहून ठेवली. त्यांच्या बोलीत तिचा अर्थ एवढाच: तळ लागला.

पुढच्या जहाजांनी तो शब्द जागेचं नाव समजून उतरवून घेतला, मग तो हळूहळू किनाऱ्याकडे सरकला आणि बंदर झालं तेव्हा बंदराला चिकटला. योगायोगाने तिथे खाली चिखल होता. नकाशावर नाव आणि चिखलाची खूण शेजारी दिसली आणि दादाने त्यांची गाठ मारली. दुसरा कोणी असता तर ती खूण त्याच्या नजरेतही आली नसती. पण दादाने त्या चिखलात जन्म काढला होता, त्याला नावात तोच दिसला. मी त्याला म्हटलं, ही चूक करायलाही तीस वर्षांची नोकरी लागते.

तो रागावला नाही. त्याने भिंग पुसून खाली ठेवलं. मग म्हणाला, म्हणजे माझ्याच कामावरच्या कोणीतरी दिलेली हाक आहे ही. आणि इतका खूष झाला, की ग्रंथपाल बाईंनी वळून पाहिलं.

मग त्याला स्वतः बघायचं होतं. वहीतल्या खुणांवरून आम्ही ती जागा काढली, बंदरापासून बाहेर, लाँचने अडीच तासांवर. तिथून आल्यावर त्याने मला जे पत्र लिहिलं त्यातला भाग उतरवून देते. मूळ पत्रही सोबत ठेवलंय, ते तुमचंच आहे.

"आज गेलो होतो. लाँचवाल्याशिवाय कोणाला माहीत नाही. एकोणचाळीस वाव आणि थोडं, म्हणजे वही खोटं बोलत नाही. साबणाला पांढरा चुरा भरभरून आला. न पुसता घरी आणला आणि ओट्यावर मुद्दाम तिच्या डोळ्यांसमोर ठेवला. म्हटलं, ती विचारेल हे काय, आणि मग सांगू. तुझ्या वहिनीने विचारलं नाही, घासून टाकला. आता काय सांगू? वीस वर्षं ती माझ्या चिखलासाठी लोकांशी भांडली आहे. नुसत्या तोंडाने 'मी चुकलो' म्हटलं तर ती मला वेड्यात काढेल आणि पुन्हा भांडायला निघेल, ह्या वेळी माझ्याशी. समुद्र जरा शांत झाला की परत जाऊन येतो. पुरावा हातात असला की ऐकेल, मानते ती पुराव्याला. तोवर तू तिला काही बोलू नकोस. ही गोष्ट मलाच तिला सांगायची आहे."

पुढचं तुम्हाला माहीत आहे. समुद्र शांत झाला तेव्हा तो अंथरुणात होता.

वहिनी, मी कबूल केलं होतं, म्हणून गप्प बसले. तुमच्या पहिल्या पत्रात ती सकाळ वाचली आणि माझा हात थांबला. तुम्ही एवढ्या मायेने लिहिलं होतं आणि तुम्हाला ठाऊक नव्हतं तुम्ही काय धुतलं ते. कसं सांगू कळेना. म्हणून रंग विचारला. तो भित्रेपणा होता.

दोन्ही प्रती पाठवते आहे, चिखलाच्या नकाशाची आणि रोजनिशीच्या पानाची. दोन्हींवर शिक्का आहे. कोणती द्यायची ते तुम्ही ठरवा. चिखलाची दिलीत तर मी तोंड उघडणार नाही, शपथ घेऊन सांगते. दादाचं नाव दगडावर मलाही हवंय. पदव्यांबद्दल लिहिलंत ते मी मनावर घेतलेलं नाही. थोडंसं घेतलंय.

तुमची धाकटी नणंद


१९ मार्च

वन्सं,

पदव्यांबद्दल लिहिलं ते मागे घेते. थोडंसं घेतलंत तेही परत द्या.

अठरा दिवस मी उत्तर दिलं नाही. आधी तुमच्यावर रागावले. मग ह्यांच्यावर, की एवढा मोठा माणूस आणि बायकोला घाबरतो. मग रागवायला घरात कोणी उरलं नाही, तेव्हा साबणावर रागावले. कपडे धुवायला बसले की वडीच्या कोपऱ्याकडे लक्ष जायचं. आता कोपरे चारही शाबूत असतात.

ह्यांचं पत्र मी रोज वाचलं. मला सारखं एकच दिसत होतं. हे ओट्यावर शिसं ठेवतात आणि बाहेर जाऊन पेपर उघडतात. वाचत नसणार. कान आत लावून बसले असणार, की आता ही विचारेल. आणि आतून काथ्याचा आवाज येतो. तरी आत येऊन हसले. दुसरा माणूस त्या ठिकाणी काय बोलला असता, ते मी जाणते. चव्वेचाळीस वर्षं मी ह्यांना साधा माणूस समजत होते. साधे होतेच. पण ज्या गोष्टीसाठी शहर हसलं, जी शेवटी खरी ठरायला आली होती, ती आपल्या हाताने तपासून खोटी ठरवायची आणि वर खूष व्हायचं, हे मला जमलं नसतं. मी ती वही पुन्हा चिकटवून टाकली असती.

आणि तेच करायचं माझ्या मनात आलं होतं, हे तुमच्यापासून लपवत नाही. चिखलाची प्रत मी पिशवीत घातली. नगरपालिकेच्या पायरीपर्यंत गेले. दोनदा. चिटणीस वरच्या खिडकीतून बघत होते, त्यांना वाटलं बाईंना जिना चढवत नाही, त्यांनी शिपायाला हात द्यायला पाठवलं. मी त्याला म्हटलं, चपलेचा अंगठा तुटलाय, आणि घरी आले.

परवा मंगळवारी दोन्ही प्रती नेल्या.

हेडमास्तर समितीच्या खोलीत एकटेच होते. टेबलावर दगडाचं चित्र पसरलेलं, त्यावर अक्षरं आखलेली, खाली ह्यांचं नाव. मी बसले नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं, वही, हाक, शिंपले, साबण. काथ्यासुद्धा सांगितला. त्यांनी दोन्ही प्रती शेजारी शेजारी ठेवून वाचल्या. शेवटी म्हणाले, "बाई, वीस वर्षं तुम्ही मला चिखल वाढलात. आता कुठे गोड लागायला लागला, तर म्हणता ताट उचला."

मी म्हटलं, हो, तसंच म्हणते.

मग त्यांनी समजावून सांगितलं. अर्थ बदलला तर खालचं नाव जाईल. ह्यांचा जो अर्थ छापला गेला तो चिखलाचा, नवा कुठेच छापलेला नाही. समिती म्हणेल, वही दुसऱ्या शहरातली, उघडली दुसऱ्या कोणी, तर नाव कशाला. सगळं बरोबर बोलत होते. मग चष्मा काढला, आवाज खाली आणला आणि म्हणाले, "दगडावर त्यांचं नाव राहू द्या. समुद्राच्या तळाशी जाऊन कोण तपासणार आहे?"

खरं सांगते, त्यांनी ते माझ्या भल्यासाठी म्हटलं. संमेलनात हसणारा माणूस तो नव्हता. पण त्यांनी ते वाक्य उच्चारलं आणि माझं ठरलं.

"तपासणारा माणूस माझ्याच घरात होता," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा परत लावला. मग पुन्हा हेडमास्तर झाले. म्हणाले, कागद चिखलाचाही होता आणि आता शिंपल्याचाही आहे, दोन्हींवर शिक्का आहे. समितीपुढे मी काय ठेवू? पाथरवट गुरुवारी बसणार. बुधवारी संध्याकाळपर्यंत काही दाखवलंत तर त्याला थांबवतो, नाहीतर नाही.

तिथून मी सरळ धक्क्यावर गेले. ह्यांचा लाँचवाला मित्र तुम्ही पाहिला असेल, ज्याला सगळे मुका म्हणतात. तो मुका नाही, त्याला बोलायचा कंटाळा आहे. मी विचारलं, ह्यांना शेवटी कुठे नेलं होतंत ती जागा आठवते का. त्याने मान हलवली. म्हटलं, मग इतके दिवस मला सांगितलं का नाहीत. म्हणाला, तुम्ही विचारलं नाही. माझ्या आयुष्यात सगळेच माझ्या विचारण्याची वाट बघत होते असं दिसतंय. पहाटे येते म्हणून सांगितलं. त्याने माझ्या साडीकडे पाहिलं, मग माझ्या वयाकडे पाहिलं आणि म्हणाला, दोर नवा लावतो.

घरी येऊन शिसं काढलं. साबणाची नवी वडी फोडली, कोपरा कापला, हाताने मळून मऊ केला आणि त्या खळग्यात दाबून भरला. हे कसे भरायचे ते मी हजारदा पाहिलं होतं, अंगठ्याने कडेपासून आत. पाहिलेलं हाताला लगेच आलं. शेजारणीने खिडकीतून विचारलं, आता ह्याचं काय करताय. म्हटलं, व्यायाम.

दुसऱ्या दिवशी मी लाँचवर गेले. अडीच तासांनी मुक्याने इंजिन बंद केलं आणि बोटाने पाणी दाखवलं. मी शिसं सोडलं. दोर हातातून सुटत राहिला, किती तरी वेळ सुटत राहिला, आणि मग सैल पडला. मुक्याने विचारलं, लागला? मी आपल्या शहराचं नाव घेतलं. मग दोघांनी मिळून दोर ओढला, पांढऱ्या चुऱ्याने भरलेलं शिसं वर घेतलं, कोरड्या फडक्यात गुंडाळलं, आणि दुपारी चारच्या आत हेडमास्तरांच्या टेबलावर, दगडाच्या चित्राशेजारी, न धुता नेऊन ठेवलं.

तुमची वहिनी